तिसरी चूल

"चुली शेजारी शेजारी नकोत," मी म्हणाले. "एक ह्या भिंतीला, एक त्या. मधे साडीचा पडदा. साहेब दारात उभा राहिला की एका नजरेत दोन संसार दिसले पाहिजेत."

"दोन काय, चार दाखवतो की," मालन म्हणाली. "पण जागा कुठं हाय हिथं? एक चूल तुमच्या डोक्यावर मांडू काय?"

खोटं नव्हतं तिचं. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, एका अंगाला फळ्यांचा माळा. त्यात वाळवेकरांची आठ माणसं. शेवंताआजी, तिचा थोरला लेक बाबासो, त्याची बायको मालन आणि त्यांची दोन पोरं. धाकटा रावसो, त्याची बायको संगीता आणि पाच वर्षांची सोनाली. बाबासो माग चालवायचा, मालन सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर जायची. रावसो कामाला होता तो कारखाना त्या वर्षी बंद पडला होता, तो मिळेल ते काम करायचा. आणि ह्या आठांना मिळून एक रॉकेलचा स्टो.

मी तेव्हा एका संस्थेत नोकरीला होते. भाड्यानं राहणाऱ्या गरिबांना घर मिळवून द्यायचं, हे काम. म्हणजे अर्ज, दाखले, नगरपालिकेचे हेलपाटे आणि साहेब लोकांच्या टेबलासमोर उभं राहणं. आमच्या यंत्रमागांच्या गावात मला सगळे 'कागदवाल्या बाई' म्हणायचे. मला ते आवडायचं, कशाला लपवू? तिशी नुकती ओलांडली होती आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं.

सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या मागची ही चाळ मालकानं विकून टाकली होती. चाळीस खोल्या पाडायच्या होत्या. नगरपालिकेनं गावाबाहेर माळावर भाड्याचे गाळे बांधले होते, आणि नियम असा होता की एका चुलीला एक गाळा. मालकानं कुणाला जन्मात पावती दिली नव्हती, निम्म्यांची रेशनकार्डं गावाकडं होती. तेव्हा साहेबांनी कागद बाजूला ठेवून चूल धरली. पाहणीचा माणूस न सांगता येणार, चुली बघणार, भांडी बघणार, कोण कुणाच्या हातचं जेवतं ते विचारणार. जेवढ्या चुली तेवढी कुटुंबं.

वाळवेकरांची चूल एक, म्हणजे गाळा एक. आठ माणसं पुन्हा दहा बाय बारात. म्हणून मी ही शक्कल काढली होती. त्याच चाळीत आणखी तीन घरांत मी हेच करून ठेवलं होतं. ह्यात कुणाचं काय जातंय, असं मी मलाच विचारायची आणि कुणाचं काही जात नाही, असं मीच उत्तर द्यायची.

"आन् मी कुणाकडं?" शेवंताआजीनं विचारलं. ती माळ्याच्या शिडीला टेकून लसूण सोलत होती.

"बाबासोंच्या कागदावर घालते तुम्हाला. साहेब येऊन जाईपर्यंत मालनच्या हातचंच जेवायचं. संगीताकडचा घाससुद्धा घ्यायचा नाही."

"मी दोन्हीकडचं थोडं थोडं घेईन की. दोघींनाबी बरं वाटंल."

"नाही घ्यायचं."

तिनं थोडा वेळ लसूण सोलला. मग म्हणाली, "एकट्या बाईला देत न्हाईत व्हय गाळा?"

"नाही आजी. एकटा माणूस म्हणजे कुटुंब नाही. नावापुढं अपात्र लिहितात."

"आसंल, आसंल," ती म्हणाली आणि सालपटं पदरात गोळा करून उठली. रावसोनं संगीतासाठी पत्र्याची चूल आणली होती. ती त्या दिवशी भिंतीला लागली आणि संगीताची जुनी हिरवी साडी मधे टांगली. मी समाधानानं घरी गेले.

साहेब पंधरा दिवसांत यायचा होता. त्याला दोन महिने लागले.

पहिला आठवडा त्यांनी हसण्यावारी नेला. पोरं पडद्याखालून पाय काढून एकमेकांना लाथा मारायची. मालन मोठ्यानं म्हणायची, "शेजारीणबाई, मीठ हाय का वो?" आणि संगीता पलीकडून "संपलंय वो बाई" म्हणायची, की दोघी खो खो हसायच्या. पण रावसोला काम मिळेना. संगीताच्या चुलीवर कधी नुसता भात, कधी कण्या. पडद्याच्या अलीकडं वांगी शिजायची, वास काही पडद्याला थांबत नाही. पूर्वी एका पातेल्यात हे कधी दिसलंच नसतं. आता मालनला दिसायला लागलं की आपली कमाई किती जणांत जात होती, आणि संगीताला दिसायला लागलं की जाऊबाई हात आखडता घेतात. मीठ खरंच संपायला लागलं. हसणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही.

मी आठवड्यातून एकदा जाऊन उजळणी घ्यायची. एकदा सोनालीला पुढ्यात बसवलं.

"तू कुणाच्या हातचं जेवतेस?"

"आईच्या."

"काकूकडं जेवतेस का?"

"काकूकडं गेलं की मारत्यात."

"कोण मारतं?"

"आई मारती. काकूबी मारती."

मालननं आपल्या चुलीकडं तोंड फिरवलं, संगीतानं आपल्या. आणि मी काय म्हणाले असेन? "शाब्बास! साहेबांना अगदी असंच सांगायचं हं." त्या पोरीला मी पर्समधली गोळी दिली. आज हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. तेव्हा वाटलं होतं, काय फक्कड उत्तर आहे.

साहेब आले ते एका मंगळवारी, भर दुपारी. चिकोडे त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हता. कुणाकडं चहासुद्धा घ्यायचा नाही, आणि समोर दिसेल तेच लिहायचा. त्यांच्या नियमाप्रमाणं संस्थेच्या माणसानं साक्षीला सोबत असायचं, म्हणून मीही होते. दारादारांतून बायका माना काढून बघत होत्या.

वाळवेकरांच्या दारात ते उभे राहिले. दोन चुली, दोन हंडे, दोन मांडण्या. मालन त्या दिवशी घरीच होती. संगीता चुलीपुढं बसलेली. बाबासो रातपाळी करून माळ्यावर झोपला होता, रावसो उंबऱ्याबाहेर उकिडवा. चिकोडे साहेबांनी झाकण्या उचलून बघितल्या. मालनकडं वांग्याचं कोरड्यास आणि भाकरी. संगीताकडं मसुराची आमटी आणि भात. त्यांनी सोनालीला विचारलं, "बाळ, काकूकडं जेवतीस का?" तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं. साहेबांचा चेहरा जरासा उतरला, पण पेन चाललं. दोन, असा आकडा मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

"आणि ह्या?"

शेवंताआजी शिडीच्या मागं बसून जेवत होती. जेवताना अंधारात बसायची सवय तिची. तिच्या ताटात मालनची भाकरी होती, वांगं होतं, आणि कडेच्या वाटीत मसुराची आमटी. सोनाली उत्तर देऊन पळाली ती तिच्याच मांडीला जाऊन टेकली, आणि आजीनं न बघता, हाताच्या सवयीनं, एक घास तिच्या तोंडात घातला.

साहेब वाकले. ताट बघितलं. मग एकदा मालनच्या पातेल्याकडं, एकदा संगीताच्या.

"एका ताटात दोन्ही चुली," ते म्हणाले.

"सासू आहे साहेब," मी घाईनं म्हणाले. "सुना वाढतात. माणुसकी आहे ती."

"माणुसकीच आहे, मी कुठं नाही म्हणतोय? पण आई दोन्हीकडचं जेवते म्हणजे ही चूल फुटलेली नाही बाई. नुसती मांडलीय." आणि त्यांनी दोनच्या आकड्यावर पेनाचं टोक टेकवलं.

संगीता तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मालन आजीकडं असं बघत होती की बघवत नव्हतं. दोन महिने पोरांना मारलं, मिठाला नाही म्हटलं, आणि म्हातारीनं वाटीभर आमटीपायी सगळं घालवलं.

"मागून आणलंय ते," आजी म्हणाली.

"काय?"

"मागून आणलंय वो साहेब." ताट बाजूला सारून ती उठली. आवाज मोठा केला, बाहेरच्या बायकांना ऐकू जाईल इतका. "कवा हिच्याकडनं मागते, कवा तिच्याकडनं. दिलं तर खाते. मला ह्यांच्यात धरू नगासा. माझी चूल मागं हाय."

"तुम्ही वेगळ्या राहता?"

"र्‍हाते म्हंजे, लेकांनी वेगळं काढलंय मला. दोघांनीबी. बायका आल्या, आई नकोशी झाली."

बाहेर कुणीतरी 'अगं बया!' म्हटलं. माळ्यावर बाबासो ताडकन उठून बसला होता. शिडीवर पाय ठेवून त्यानं तोंड उघडलं. "आये, काय बोलाय लागलीस..." एवढंच म्हणाला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. हो, मीच. तो शिडीवर तसाच थांबला. रावसोनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"दाखवा चूल," साहेब म्हणाले.

खोलीच्या मागं, गटाराच्या कडेला तीन दगड होते. आजी त्यावर पोरांच्या अंघोळीचं पाणी तापवायची. सकाळची राख अजून कोमट होती. साहेबांनी राखेवर हात धरून बघितला.

"ह्याच्यावर स्वयंपाक होतो?"

"एका जिवाला किती लागतंय साहेब? मूठभर भात शिजतोय की."

"आजी, तुम्ही एकट्या. एकट्या माणसाला गाळा मिळत नाही. ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलंय मला."

मी खाली बघितलं. साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं: वाळवेकर बाबासो, चूल एक, माणसं चार, पात्र. वाळवेकर रावसो, चूल एक, माणसं तीन, पात्र. वाळवेकर शेवंताबाई, विधवा, तिसरी चूल, एकटी, अपात्र. "साक्षीदार म्हणून सही करा," म्हणून त्यांनी पेन माझ्याकडं दिलं. मी सही केली. जाताना ते बाबासोपुढं थांबले. "जरा तरी लाज वाटू द्या," म्हणाले, आणि पुढच्या दाराकडं वळले.

मी मागं राहिले. मला वाटलं, आता हे लोक आजीच्या पाया पडतील. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिला म्हणाले, "आजी, काय डोकं चालवलंत हो!"

"डोकं कसलं," ती म्हणाली. "आमटीची चूक माझीच व्हती. निस्तराय नको?" आणि अर्धं राहिलेलं ताट घेऊन पुन्हा शिडीमागं बसली.

मालन तिच्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, राग आहे, जाईल चार दिवसांत. एका आईच्या पोटातली माणसं आहेत, कागदावर काही का असेना. काठी मारल्यानं पाणी तुटत नाही, असं आपण म्हणतोच की.

पण आजी जे बोलली होती ते साऱ्या चाळीनं ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत ते मागांच्या शेडमध्ये पोचलं. बाबासो पाळीला गेला की लोक विचारायचे, "काय रं, आई जेवली का आज? का गटाराकडंला बसलीया?" पानपट्टीवाल्यानं त्याला तोंडावर सुनावलं. मालनच्या माहेरून भाऊ आला आणि चार माणसांत तिला वाटेल तसं बोलून गेला. पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा बाबासो मला गल्लीच्या तोंडाशीच भेटला.

"गावात तोंड दाखवाय जागा ठेवली न्हाई म्हातारीनं," तो म्हणाला.

"अहो, तुमच्यासाठीच केलं तिनं."

"ते मला ठावं हाय बाई. मला शिकवू नगासा." त्यानं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "पण लोकांला कसं सांगू? खरं सांगितलं तर गाळा जातोय. न्हाई सांगितलं तर मी आईला हाकलणारा. सांगा, काय करू?"

माझ्याकडं उत्तर होतं एक. चिकोडे साहेबांकडं जाऊन, साहेब, मी बनवाबनवी केली, असं सांगायचं. मग वाळवेकरांचे दोन्ही गाळे गेले असते, त्या तीन घरांचेही गेले असते, आणि माझी नोकरी. कुठल्या कारणानं गप्प बसले ते मी लोकांना सांगताना नेहमी ती तीन घरं सांगते.

त्याऐवजी मी त्याला आणखी एक सल्ला दिला. सल्ले देण्याचीच नोकरी होती माझी. "हे बघा, गाळ्यांवर पहिले सहा महिने तपासणी असते. दारावर नावांची यादी लावतात. यादीबाहेरचा माणूस सापडला की फाईल पुन्हा उघडते. तेवढे सहा महिने आजीला तिकडं ठेवू नका. नंतर कोण विचारतंय?"

"मग तवर कुठं ठेवू?"

"बघा कुणी पाहुणा वगैरे."

त्यानं मान हलवली. मला वाटलं, मार्ग निघाला.

किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी चाळीसमोर एकच गर्दी. टेम्पो, हातगाडे, पोरांचा गलका, कोंबड्या पाटीखाली. लोक खूश होते, मला हात जोडत होते. एकीनं माझ्या तोंडात साखर घातली. मागच्या बाजूनं पत्रे काढायला सुरुवात झाली होती. वाळवेकरांचे दोन टेम्पो होते. एकात ते दोघे भाऊ मावले असते, पण दोन केले होते. हिरवी साडी संगीतानं बादलीवर बांधली होती.

शेवंताआजी भिंतीजवळ उभी होती. पायाशी एक बोचकं, त्यावर पालथं घातलेलं पातेलं.

"आजी कुणाच्या गाडीत?" मी विचारलं.

बाबासो दोर आवळत होता. त्यानं दोर आणखी आवळला. रावसो म्हणाला, "दादा नेईल, थोरला हाय त्यो." बाबासो म्हणाला, "माझ्या दारावर यादी चिकटवलीया. मी न्हेलं न् पकडलं तर?"

"माझ्याबी दारावर हाय की."

"अहो, आज तरी घेऊन चला," मी म्हणाले. "पुढचं पुढं बघू."

मालन टेम्पोत चढून बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "कुठं चला? त्यांची चूल वेगळी हाय बाई. त्यांनीच सांगितलंया साऱ्या गावाला. आन् तुमच्याच सहीचा कागद हाय. सहा म्हैने न्यायचं न्हाई, हे तुमीच बोललासा ह्यांच्याजवळ. आमी आता तुमचं ऐकायचं का न्हाई?"

सोनाली संगीताच्या कडेवरून आजीकडं हात करत होती. संगीतानं तिचं तोंड आपल्या खांद्याकडं फिरवलं. ती रडत होती, पण पोरीला तिनं खाली सोडलं नाही.

"भांडू नगासा रं," आजी म्हणाली. "मी नांदणीला भाचीकडं जाते. कवाची बलवाय लागलीया. सहा म्हैन्यांनी या न्यायला."

दोघांचेही चेहरे सैल झाले. मला ते दिसलं, आणि माझाही तसाच झाला असणार. भाची आहे तर मग प्रश्नच मिटला. बाबासो म्हणाला, "येतो आये." रावसोनं वाकून तिच्या पायांना हात लावला. टेम्पो सुरू झाले.

नांदणीला तिची कुणी भाची नव्हती. हे मला सात महिन्यांनी कळलं, रावसो तिला आणायला गेला आणि हात हलवत परत आला तेव्हा. तो पुढं जयसिंगपूर, मिरज, सगळीकडं हिंडला. देवळांच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्यांची तोंडं बघत हिंडला. शेवटी माझ्याकडं येऊन बसला आणि म्हणाला, "बाई, हरवल्याचा कागद करून द्या." तो मी करून दिला. कुणासोबत राहत होत्या, ह्या रकान्याशी आम्ही दोघंही थांबलो. मग मी सरकारी यादीत होतं तेच लिहिलं.

पण त्या दिवशी मला हे काही ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी नीट विचारलंही नाही. भाचीचं नाव काय, घर कुठं, काही नाही. नांदणीची गाडी किती वाजता आहे, एवढं विचारलं.

"असती की सारखी," आजी म्हणाली. तिनं पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. बोचकं उचलायला वाकली, पण ते तिला गुडघ्याच्या वर येईना. तिनं इकडंतिकडं बघितलं. टेम्पो वळणावर गेले होते. जवळ मी एकटीच होते.

"बाई," ती म्हणाली, "जरा हात लावता?"

मी पर्स खांद्याला अडकवली, खाली वाकले आणि बोचकं दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावर दिलं. तिनं ते एकदा हलवून बसवलं, पातेल्याला हात लावून बघितला आणि "बसलं," म्हणून चालायला लागली.